गाणे राहिले, नाव गेले

गेल्या उन्हाळ्यात खानापूरकडील एका गावी लग्न लावण्यासाठी गेलो होतो. मिस्सा झाली, वधूवरांनी व साक्षीदारांनी नोंदवहीत सह्या केल्या आणि मंडळी मांडवाकडे वळली. बँड बोलाविलेला नव्हता. वराच्या धाकट्या भावाने मांडवाच्या एका टोकास माणसाच्या उंचीचे दोन ध्वनिक्षेपक उभे केले होते आणि आपल्या मोबाईलवरून जुन्या-नव्या नाचगाण्यांचा एक तयार संग्रह लावून दिला होता. एक गाणे पुरते संपण्यापूर्वीच दुसऱ्याचा ठेका सुरू होई, आणि मुले घामाघूम होईपर्यंत नाचत.

माझ्या शेजारी वराचे आजोबा बसले होते. वय पंच्याऐंशीच्या घरात. एक जुने हिंदी गाणे लागले तेव्हा माझे लक्ष सहज त्यांच्या उजव्या हाताकडे गेले. टेबलावरील चादरीवर त्यांची तीन बोटे वरखाली होत होती. केवळ ठेका धरल्यासारखी नव्हे, तर प्रत्येक बोट आपापल्या वेळी. ट्रम्पेटला तीन कळा असतात हे ज्यास ठाऊक आहे, त्यास त्या बोटांचा अर्थ लागावा.

“आजोबा, हे तुम्ही वाजविले आहे काय?” मी विचारले.

“होय, फादर. या गाण्याला आम्ही चौघे ट्रम्पेटवाले होतो. तिघे देवाघरी गेले.”

“मग तबकडीवर तुमचे नाव असेल.”

आजोबा हसले. “नाव? आम्हांला त्या दिवसाचा रोज मिळाला, फादर. नावाचे कोणी बोललेच नव्हते.”

नातवाने मोबाईल आणून दाखविला. चित्रपटाचे नाव होते, संगीतकाराचे होते, गायिकेचे होते, कंपनीचेही होते. वाजविणाऱ्यांपैकी कोणाचेच नव्हते. “आजोबा मुंबईला बँडात होते एवढेच पप्पा सांगायचे,” तो मुलगा ओशाळून म्हणाला. “हे गाणे त्यांचे आहे, हे आज कळले.” ज्या गाण्यावर तो दोन वर्षे प्रत्येक लग्नात नाचत होता, त्यात त्याच्या स्वतःच्या आजोबांचा श्वास होता; आणि ते त्यास ठाऊक नव्हते.

वाचकहो, त्या दिवसापासून ‘गाण्यांचा संग्रह’ या वस्तूचा विचार माझ्या मनातून जात नाही. संग्रह म्हणजे जपून ठेवणे, असे आपण समजतो. परंतु संग्रह जे जपतो ते काय, आणि त्याच्या हातून जे निसटते ते काय, हे एकदा नीट पाहण्यासारखे आहे.

आपल्या देशात गाणे तबकडीवर उमटू लागले त्या आरंभीच्या दिवसांतील एक गोष्ट येथे सांगतो. १९०२ साली कलकत्त्यास ग्रामोफोन कंपनीच्या लोकांनी गौहर जान या प्रख्यात गायिकेचे गाणे मुद्रित केले. गाणे संपताच ती स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारीत असे. त्याचे कारण असे सांगतात की, तबकड्या जर्मनीतील हानोवर येथील कारखान्यात छापल्या जात, आणि कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवावयाचे हे तेथील कामगारांस कळावे म्हणून ही युक्ती होती. कारण काहीही असो. त्या काळी गाणारी व्यक्ती आपले नाव गाण्याच्या अंगावरच कोरून ठेवीत असे. गाणे कोठेही गेले तरी नाव त्याच्याबरोबर जाई.

त्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. म्हणून लोकप्रिय गीत तीन मिनिटांचे झाले, आणि पुढे मोठ्या तबकड्या आल्या तरी ती सवय बरीच टिकली. मोठी रचना ऐकावयाची तर चार-सहा तबकड्या लागत; त्या ठेवण्यासाठी छायाचित्रांच्या वहीसारखी जाड पुठ्ठ्यांची, खिसे असलेली वही मिळे. तिला ‘अल्बम’ म्हणत. १९४८ साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने एका बाजूस वीस मिनिटांहून अधिक वाजणारी तबकडी बाजारात आणली. आता वहीची गरज उरली नाही, पण शब्द तेवढा मागे राहिला. आज मोबाईलवर ज्यास आपण अल्बम म्हणतो, त्याचे मूळ त्या पुठ्ठ्याच्या वहीत आहे.

एका तबकडीवर दहा-बारा गाणी मावू लागल्यावर निरनिराळ्या गायकांची निवडक गाणी एकत्र करून विकण्याचा व्यापार आलाच. कॅनडातील विनिपेग शहरी फिलिप काइव्ह्स नावाचा, शेतकरी घरातून आलेला एक विक्रेता होता. तो प्रथम दूरचित्रवाणीवर जाहिराती देऊन तव्यांसारख्या घरगुती वस्तू विकीत असे. १९६६ साली त्याने त्याच रीतीने पंचवीस गाण्यांची एक तबकडी विकावयास काढली, आणि पुढे पोल्का या युरोपीय नाचाच्या पंचवीस गतींची तबकडी काढली. त्याच्या के-टेल कंपनीच्या तबकड्या घरोघर गेल्या. पण पंचवीस गाणी एका तबकडीवर बसवावयाची म्हणजे खाचा अरुंद कराव्या लागत, आवाज बारीक होई, आणि कित्येक गाण्यांना कात्री लावावी लागे. पुढे १९८३ च्या नोव्हेंबरात इंग्लंडात व्हर्जिन आणि ईएमआय या दोन कंपन्यांनी आपापली गाजलेली गाणी एकत्र करून तीस गाण्यांचा, दोन तबकड्यांचा संच काढला. त्याचे लांबलचक नाव कचेरीतील भिंतीवर टांगलेल्या, डुकराच्या मांसाच्या एका जुन्या जाहिरातीवरून घेतले होते. ही मालिका इतकी चालली की २०१८ साली तिचा शंभरावा भाग निघाला; आणि १९८९ पासून तर असल्या संग्रहांसाठी विक्रीची यादीच वेगळी करावी लागली.

आमच्या लहानपणी आपल्याकडे हे काम कॅसेटने केले. माझ्या वयाच्या वाचकांस आठवत असेल: बाजारच्या दिवशी वडील कागदावर गाण्यांची यादी लिहून दुकानदारास देत आणि कोरी कॅसेट ‘भरून’ घेत. साठ मिनिटांची स्वस्त, नव्वदाची महाग. यादीतील शेवटचे गाणे हटकून मध्येच तुटे. आमच्या घरी तसल्या सात-आठ कॅसेटी होत्या. नाताळच्या रात्री त्यांवर आम्ही अंगणात नाचलो आहोत. आतील कागदावर वडिलांच्या अक्षरात गाण्यांचे पहिले शब्द लिहिलेले असत. कधी गायकाचे नाव, क्वचित चित्रपटाचे. त्या पलीकडे कोणी असेल, हा विचार आमच्या मनास शिवला नाही. मी त्या मुलास दोष कसा देऊ?

आता एक दूरची हकीकत सांगतो. तिच्या नावातच ‘आमेन’ हा शब्द आहे, म्हणून ती आपल्या कुटुंबांत ऐकण्यास अधिकच योग्य आहे.

१९६९ साली अमेरिकेतील ‘द विन्स्टन्स’ नावाच्या वाद्यवृंदाने एक लहान तबकडी काढली. पुढच्या बाजूचे गीत एका कष्टाळू सावत्र बापाविषयीच्या कृतज्ञतेचे होते, आणि त्यास मोठे पारितोषिकही मिळाले. मागची बाजू रिकामी कशी ठेवावयाची, म्हणून कृष्णवर्णीयांच्या प्रार्थनामंदिरांत गायिल्या जाणाऱ्या ‘आमेन’ गीताच्या आधारे केवळ वाद्यांवर एक चीज वाजविली. तिचे नाव ‘आमेन, ब्रदर’. तिच्या मध्यावर बाकीची वाद्ये थांबतात आणि ग्रेगरी कोलमन हा वादक एकटा ड्रम वाजवितो. चार आवर्तने, सुमारे सात सेकंद. मग पुन्हा सर्व वाद्ये मिळतात. पुढे वाद्यवृंद मोडला आणि ती मागची बाजू लोक विसरून गेले.

इकडे न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील गरीब वस्तीत १९७३ पासून एक नवी रीत पडली होती. जमैकातून आलेला एक तरुण, ज्यास लोक कूल हर्क म्हणत, तो नाचाच्या मेळाव्यांत तबकड्या लावी. गाण्यात ड्रम एकटा वाजतो त्या क्षणी नाचणाऱ्यांस खरा जोर चढतो, हे त्याने हेरले. मग दोन यंत्रांवर त्याच गाण्याच्या दोन तबकड्या ठेवून तेवढाच तुकडा तो पुन्हा पुन्हा वाजवू लागला. अशी गाणी कोणती, हे इतरांस कळू नये म्हणून तबकड्या पाण्यात भिजवून त्यांवरील नावाचे कागद तो काढून टाकी. व्यापारातील ती हुशारी खरी. परंतु पाण्यात सुटून गेलेल्या त्या कागदावर कोणाकोणाच्या श्रमाची नावे होती, याचा विचार त्या गर्दीत कोण करणार?

१९८६ साली न्यूयॉर्कमध्ये असल्या तुकड्यांचा संग्रहच निघू लागला. ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या मालिकेचे १९९१ पर्यंत पंचवीस भाग निघाले. तिच्यात ‘आमेन, ब्रदर’ होते. नेमक्या त्याच सुमारास गाण्याचा लहानसा तुकडा साठवून हवा तितका वेळ वाजविणारी विद्युत्‌यंत्रे स्वस्त होत चालली होती. तो सात सेकंदांचा ड्रम शेकडो आणि मग हजारो गीतांत शिरला. इंग्लंडात १९९० नंतर जी वेगवान नाचगाणी आली, त्यांतील एक प्रकारच त्या सात सेकंदांवर उभा राहिला. आपल्यापैकी ज्यांच्या घरी तरुण मुले आहेत, त्यांनी तो ठेका कोठे ना कोठे ऐकला असण्याचा पुष्कळ संभव आहे.

संग्रह निघाला नसता तर तो ठेका बहुधा विस्मृतीत गेला असता. हे श्रेय संग्रहाला दिलेच पाहिजे. पण वाजविणाऱ्याचे काय झाले? वाद्यवृंदाचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर यास आपल्या गाण्याचे पुढे काय झाले, हे १९९६ पर्यंत ठाऊकही नव्हते. आणि तोपर्यंत दावा लावण्याची मुदत टळून गेली होती. २०१५ साली इंग्लंडातील दोन संगीतप्रेमींनी लोकवर्गणी काढून त्यास २४,००० पौंड पाठविले. त्या उपकाराची परतफेड नव्हे, पण जाणीव तरी झाली. ग्रेगरी कोलमनपर्यंत मात्र तीही पोहोचली नाही. तो २००६ सालीच वारला. अखेरच्या दिवसांत त्यास राहण्यास घरही नव्हते, असे सांगतात. जगभर मुले ज्याच्या हातांवर नाचत होती, त्याला त्या नाचाचा एक पैसा मिळाला नाही.

ही हकीकत ऐकून आपण अमेरिकेस नावे ठेवू, तर ते न्याय्य होणार नाही. कारण त्याच जातीची हकीकत आपल्या उंबरठ्यावर बसलेली आहे.

गोव्यातील चर्चच्या शाळांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांना स्वरलिपी वाचण्यास आणि व्हायोलिन वाजविण्यास शिकवीत. हेतू हा की, फेस्ताच्या दिवशी गायनवृंद उभा राहावा. त्या शिक्षणाच्या बळावर कितीतरी तरुण मुंबईस गेले. हॉटेलांत वाजवू लागले आणि १९४० नंतर चित्रपटांच्या वाद्यवृंदांत भरले. त्यांची तेथे गरज होती, कारण पन्नास वाद्ये एका वेळी वाजवावयाची तर प्रत्येकाचे काम कागदावर लिहिलेले हवे. आणि तो कागद लिहिणारे व वाचणारे हेच होते. संगीतकार चाल गाऊन दाखवी. तिच्यासाठी व्हायोलिनांनी काय म्हणावे, ट्रम्पेटने कोठे शिरावे, हे पुष्कळदा संयोजक ठरवी. शंकर-जयकिशन यांच्या गीतांमागे अशा रीतीने सेबॅस्टियन डिसूझा होते. पुणतांब्याचे सी. रामचंद्र आणि आल्दोनचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांनी मिळून ‘अलबेला’ची नाचगाणी केली, १९५१ च्या त्या चित्रपटात चिक चॉकलेट आपल्या वाद्यवृंदासह पडद्यावर दिसतो. त्याचे खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. परंतु दिसला तो एखादाच. बाकीचे शेकडो कधी दिसले नाहीत आणि तबकडीवर छापलेही गेले नाहीत.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांचे उदाहरण तर मोठे बोलके आहे. ते व्हायोलिनचे गुरू. प्यारेलाल त्यांच्याजवळ शिकले. १९७७ साली ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटात नायकाच्या तोंडी ते नाव घालून एक गीत झाले, ते शिष्याने गुरूस केलेले वंदन होते. साऱ्या हिंदुस्थानने ते नाव मुखोद्गत केले. पण ते एका खऱ्या माणसाचे नाव आहे, आणि तो माणूस २०१२ पर्यंत आपल्यात होता, हे कितीजणांस ठाऊक होते?

कायद्याने अलीकडे काही दुरुस्ती केली आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकार यांना गाण्याच्या पुढील उत्पन्नात न सुटणारा वाटा दिला. ते योग्यच झाले. परंतु १९६० साली दिवसाच्या रोजावर व्हायोलिन वाजवून संध्याकाळच्या लोकलने घरी गेलेल्या माणसाचे नाव कोणत्या कायद्याने शोधावे? कारण हक्क मागावयाचा तर प्रथम नाव लागते, आणि तेच लिहून ठेवलेले नसते. ग्रेगरी बूथ या न्यूझीलंडमधील प्राध्यापकांनी मुंबईत येऊन या म्हाताऱ्या वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि २००८ साली त्यांचे पुस्तक केले, म्हणून काही नावे वाचली. ते काम करण्यास इतक्या दुरून माणूस यावा, यात आम्हां आप्तांस थोडी लाज वाटली तर ती हितकारकच आहे.

तथापि गाण्यांचा संग्रह नावे बुडवितोच, असे मात्र नाही. ‘नाचुंया कुंपासार’ हा कोंकणी चित्रपट वाचकांपैकी पुष्कळांनी पाहिला असेल. ख्रिस पेरी यांच्या रचना आणि लोर्ना यांनी गाऊन गाजविलेली गीते एकत्र गुंफून तो केला आहे, आणि मुंबईच्या झगमगाटामागे राहून गेलेल्या गोमंतकीय वादकांना तो अर्पण केलेला आहे. तोही एक संग्रहच. पण तो पाहून घरी जाणारा माणूस गाण्याबरोबर माणसेही घेऊन जातो. म्हणजे दोष संग्रहाचा नाही; संग्रह करणाऱ्याने काय विचारले आणि काय विचारले नाही, त्याचा आहे.

कोणी म्हणेल, “फादर, नाचण्यापुरते नाचावे, नावांची यादी कशाला?” शंका रास्त आहे. नाचताना यादी वाचावी असे मीही म्हणत नाही. पण आपल्या घरी कोणी जेवू घातले तर आपण अन्नाची चव घेतो आणि रांधणारीची विचारपूसही करतो. जेवणाची गोडी त्याने कमी होत नाही. उलट त्या मांडवात आजोबांची गोष्ट कळल्यावर नातवाने ते गाणे पुन्हा लावले, तेव्हा तो पूर्वीपेक्षा अधिक आनंदाने नाचला. मी स्वतः पाहिले.

म्हणून वाचकहो, तीन गोष्टी सुचवितो. आपल्या घरात किंवा वाड्यावर कोणी म्हातारे वादक असतील तर त्यांच्याजवळ एक संध्याकाळ बसा आणि वहीत लिहून घ्या: कोणते गाणे, कोणाबरोबर, कोणते वाद्य, ते कोणापाशी शिकले. हे पुढच्या नाताळावर टाकू नका. पंच्याऐंशीच्या माणसाचा पुढचा नाताळ आपल्या हाती नसतो. दुसरी गोष्ट, फेस्तासाठी वा लग्नासाठी गाण्यांचा संग्रह तयार करणाऱ्या मुलांनी, जी नावे कळतील ती गाण्याखाली लिहावीत. आज त्याला कागदही लागत नाही. आणि तिसरी, जी मला सर्वांत महत्त्वाची वाटते: गावात चार मुले अजून ट्रम्पेट आणि क्लॅरिनेट वाजवीत असतील, तर वर्षातून एकदा तरी त्यांना बोलवा, ठरलेली बिदागी घासाघीस न करता द्या, आणि आभार मानताना ‘बँडवाले’ असे न म्हणता त्यांची नावे घ्या. गेलेल्यांचे ऋण फेडण्याचा जिवंत मार्ग तोच आहे.

लग्नानंतर महिन्याने तो नातू एक वही घेऊन माझ्याकडे आला. आजोबांनी सांगितलेली एकवीस गाणी त्याने स्वच्छ अक्षरात लिहिली होती आणि शेवटी त्या चार ट्रम्पेटवाल्यांची नावे. तिघांची पुरी होती. चौथ्याचे टोपणनाव तेवढे आजोबांस आठवत होते, आणि सासष्टीतील त्याचे गाव.

आपल्या नोंदवह्यांत एक दिवस जगलेल्या बालकाचेही नाव असते. ते कोणी खोडीत नाही. तेव्हा या माणसाचेही कोठेतरी असणारच. मी त्या गावच्या धर्मगुरूंना पत्र घालून स्नानसंस्काराची जुनी नोंदवही पाहण्याची विनंती केली आहे. वहीत चौथ्या ओळीपुढे नातवाने जागा मोकळी ठेवली आहे.